विदर्भात बसून देवमाशाचा माग कसा काढायचा: सॅटेलाइट टॅगचा डेटा मिळवणं, साफ करणं, नकाशावर घेणं

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यातून समुद्र गाठायचा म्हटलं तर एक अख्खी रात्र ट्रेनमध्ये जाते, आणि व्हेल दिसणं तर कोकणातल्या मासेमारी करणाऱ्यांनाही रोजचं नाही. तरी आज मोबाइल आणि थोडंफार नेट असलं की एखादी व्हेल कुठून निघाली, कुठं थांबली, कुठं वळली हे आपण घरी बसून ठिपक्याठिपक्यानं बघू शकतो. जगभरच्या संशोधकांनी व्हेलच्या अंगावर लावलेल्या टॅगचा (सिग्नल सोडणारं छोटं यंत्र) बराच डेटा फुकट उपलब्ध आहे, आपल्याकडं मात्र तो कुणी उघडूनच बघत नाही, कारण हे सगळं समुद्रकाठच्या लोकांचं काम आहे असं आपण धरून चाललोय. झेडपीच्या शाळेतले शिक्षक, तालुक्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकणारी पोरं-पोरी आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

तसं माग काढणं आपल्याला नवीन नाही. टिपेश्वरचा तो 'वॉकर' वाघ आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली आणि तो यवतमाळ जिल्ह्यातून निघून तेलंगणात शिरत, परत येत, तीन हजार किलोमीटरच्या वर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर नसती तर इतकं लांब तो आला हे कुणाला कळलंही नसतं. व्हेलच्या बाबतीत हेच करायचं असतं, पण अडचणी वेगळ्या. व्हेलला पकडून बेशुद्ध करता येत नाही, कॉलर बसेल अशी मानच नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खाऱ्या पाण्यातून रेडिओ सिग्नल जातच नाही. वर्गात हे सांगितलं की पोट्टे लगेच विचारतात, "सर, मंग सिग्नल येते कसा?" पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे, त्यामुळं डेटा उघडायच्या आधी याचं उत्तर नीट समजून घ्या.

आधी टॅग आणि सॅटेलाइट

व्हेल श्वास घ्यायला वर येते तेवढा वेळच टॅगची अँटेना पाण्याबाहेर असते. टॅगवर एक सेन्सर असतो, तो आपण खाऱ्या पाण्यात आहोत का हवेत हे ओळखतो. हवेत आलो हे कळलं की टॅग लगेच ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटासा मेसेज सोडतो. त्या क्षणी वर सॅटेलाइट असेल तर मेसेज पकडला जातो, नसेल तर गेला. म्हणजे नकाशावरचा प्रत्येक ठिपका तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्यावर तयार होतो: व्हेल वर होती, टॅग चालू होता आणि डोक्यावर सॅटेलाइट होता. हे मनात पक्कं ठेवा, कारण पुढं डेटा वाचताना नव्वद टक्के गोंधळ हे विसरल्यामुळं होतो.

हे मेसेज पकडणाऱ्या सिस्टीमचं नाव आर्गोस. ती १९७८ पासून चालू आहे, फ्रान्स आणि अमेरिकेनं मिळून उभी केलेली. यात आपल्या इस्रोचाही वाटा आहे हे पोरांना आवर्जून सांगा. २०१३ साली श्रीहरिकोट्याहून गेलेल्या सरल सॅटेलाइटवर आर्गोसचं उपकरण होतं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ वरही आहे.

मेसेज आला म्हणजे जागा कळली असं नाही. बऱ्याच व्हेल टॅगमध्ये जागा सॅटेलाइटच्या बाजूनं काढतात, फ्रिक्वेन्सीच्या फरकावरून. बडनेऱ्याजवळच्या एखाद्या फाटकापाशी उभं राहून ऐका, गाडी भोंगा वाजवत येताना आवाज चढा लागतो आणि पुढं गेली की एकदम उतरतो. सॅटेलाइट सेकंदाला सात किलोमीटरच्या वर वेगानं पळत असतो, त्यामुळं टॅगची फ्रिक्वेन्सीही त्याला आधी चढी आणि मग उतरलेली दिसते, आणि ती कशी उतरत गेली यावरून टॅग किती लांब होता हे काढता येतं. यात एक मोठी गंमत आहे, गणितातून नेहमी दोन उत्तरं निघतात, सॅटेलाइटच्या वाटेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. सॉफ्टवेअर त्यातलं एक निवडतं आणि कधीकधी चुकीचं निवडतं, मग व्हेल थेट वाळवंटात जाऊन बसलेली दिसते. काही टॅगमध्ये जीपीएसही असतं, ते सेकंदाच्या छोट्याशा भागात जीपीएस सॅटेलाइटचे सिग्नल टिपून ठेवतं आणि जागा खूपच नेमकी देतं.

टॅग लावायचं काम छोट्या बोटीतून, व्हेलच्या अगदी जवळ जाऊन होतं. हवेच्या दाबावर चालणारी गन किंवा क्रॉसबो वापरतात. काही टॅग पाठीवरच्या पंखाला छोट्या काट्यांनी धरून बसतात, ते साधारण काही आठवडे टिकतात. काही चामडीच्या आत, चरबीतून स्नायूपर्यंत जातात, ते काही महिने टिकू शकतात. तिसरा प्रकार सक्शन कपचा, तो तासांत किंवा फार तर एकदोन दिवसांत सुटतो, लांबच्या प्रवासासाठी त्याचा उपयोग नाही पण डुबकीचा बारीक तपशील तोच देतो.

यात प्राण्याला इजा होते हे लपवायचं कारण नाही. २०१६ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एल-९५ नावानं नोंद असलेला एक किलर व्हेल मेलेला सापडला, त्याच्या पंखात टॅगचे तुकडे राहिले होते आणि तिथून बुरशीचा संसर्ग झाला असं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं. त्यानंतर त्या गटातल्या व्हेलचं टॅगिंग थांबवलं गेलं, आणि टॅग किती निर्जंतुक हवा, कुठल्या प्राण्याला लावायचा नाही, याचे नियम आणखी कडक झाले. आपल्याकडं व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, टॅग लावायला सरकारी परवानगी लागते आणि ते काम शिकलेल्या टीमचंच आहे. आपण करायचं ते त्या डेटाचं वाचन. माझ्या मते असा डेटा वाया जाऊ न देणं हीच त्या प्राण्याची सगळ्यात मोठी कदर, त्यानं त्यासाठी काहीतरी सोसलेलं असतं.

कुठली व्हेल निवडायची

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी अरबी समुद्राची हम्पबॅक सांगतो, आणि त्यातही 'लुबान'. ही एक मादी. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात तिला टॅग लावला. तोपर्यंत ओमानमध्ये टॅग लावलेल्या हम्पबॅक तिथल्याच किनाऱ्यानं फिरताना दिसल्या होत्या. लुबान मात्र डिसेंबरात समुद्र ओलांडून सरळ गोव्याजवळ आली, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला निघून गेली. टॅगवरून अरबी समुद्र असा ओलांडल्याची ही पहिली नोंद.

आपल्यासाठी हिची गोष्ट जवळची वाटायला आणखी कारण आहे. मसिरा बेट साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि यवतमाळही तिथंच. यवतमाळहून बोट ठेवून नकाशावर सरळ पश्चिमेकडं जा, दमणपाशी समुद्रात उतराल आणि अरबी समुद्र ओलांडून मसिऱ्यालाच लागाल, अंतर साधारण दोन हजार किलोमीटर. आणि दुसरी गोष्ट पावसाची. जगातल्या बाकी हम्पबॅक खायला ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात आणि पिल्लांसाठी उबदार पाण्यात येतात, या मात्र वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. कारण जूनमध्ये जे नैऋत्येचे वारे आपल्याकडं पेरणीचा पाऊस घेऊन येतात तेच ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोरात वाहतात, वरचं गरम पाणी बाजूला ढकलतात, खालून थंड आणि पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं, त्यावर छोटे मासे, आणि त्यावर या व्हेल. या हम्पबॅक दुसऱ्या समुद्रातल्या हम्पबॅकपासून सुमारे सत्तर हजार वर्षं वेगळ्या पडल्यात असं जनुकांवरून दिसतं. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी यांची बेकायदा शिकार केली, एकट्या १९६६ मध्ये दोनशेच्या वर मारल्या, आणि आता ओमानजवळ शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमीच उरल्याचा अंदाज आहे. इतक्या थोड्या प्राण्यांत एका मादीनं इकडची वाट दाखवणं ही फार मोठी माहिती आहे.

लुबानची वाट आपण चार्टवर काढू, त्यासाठी छापून आलेला नकाशा पुरतो. डेटा साफ करायचा सराव मात्र मोठ्या आणि खुल्या फाइलवर करा.

डेटा मिळवणं

मूव्हबँक नावाची वेबसाइट आहे, जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेची. फुकट खातं उघडा. तिथल्या नकाशात प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकून शोधायचं, ब्लू व्हेलसाठी बॅलेनॉप्टेरा मस्क्युलस, हम्पबॅकसाठी मेगाप्टेरा नोव्हीअँग्ली. काही अभ्यास फक्त बघता येतात, काही डाउनलोड करता येतात, काहींना परवानगी मागावी लागते. मूव्हबँकचाच डेटा रिपॉझिटरी म्हणून वेगळा भाग आहे, तिथं छापून आलेल्या पेपरांचा डेटा कायमचा ठेवलेला असतो. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमनं १९९० च्या दशकापासून कॅलिफोर्नियाजवळ ब्लू व्हेलना टॅग लावले, तो डेटा सरावाला फारच चांगला, कारण व्हेल भरपूर आहेत आणि काही तर थेट कोस्टारिकाजवळच्या पाण्यापर्यंत गेल्यात.

फाइल सीएसव्ही असते, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, साइज फार नसते. गावात रेंज नसली तर तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर आणा, पुढचं बरंचसं काम नेटशिवाय होतं.

फाइल उघडल्यावर

एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. तारखा उलट्यासुलट्या होतात, महिना दिवसाच्या जागी जातो आणि मग व्हेल मे महिन्यातून जानेवारीत उड्या मारते. 'डेटा' मेनूतून टेक्स्ट फाइल म्हणून आत घ्या. मोबाइलवर गूगल शीट्स चालतं.

कॉलम बरेच असतात, घाबरायचं नाही, कामाचे पाचच: व्हेलचा आयडी, टाइमस्टॅम्प, अक्षांश, रेखांश आणि आर्गोसचा लोकेशन क्लास. बाकीचे लपवा. मूळ फाइल कधीच बदलू नका, कॉपी करूनच काम करा. मग आधी आयडीवर आणि नंतर वेळेवर सॉर्ट करा. एका फाइलमध्ये अनेक व्हेल असतात, आयडीवर सॉर्ट न करता रेघ ओढली की एका व्हेलवरून दुसरीवर उडी मारत सगळा समुद्र जाळीनं भरून जातो. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेत असते, आपली वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवा, पण कॅलिफोर्नियाच्या व्हेलचा दिवस-रात्र बघायचा तर तिथलीच वेळ धरायला पाहिजे.

आता लोकेशन क्लास. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे २५० ते ५००, १ म्हणजे ५०० ते १५००, ० म्हणजे दीड किलोमीटरच्या वर. ए आणि बी म्हणजे मेसेज इतके कमी आले की चूक किती हे सांगता येत नाही, आणि झेड म्हणजे टाकून द्या. नवीन माणूस इथं म्हणतो की मग ३ आणि २ च ठेवू. तसं करू नका. व्हेल वर थोडाच वेळ असते त्यामुळं बहुतेक जागा ०, ए आणि बी याच मिळतात, त्या काढल्या तर हातात काही उरणारच नाही. झेड काढा, जमिनीवर पडलेल्या काढा, आणि उरलेल्यांना वेगाची चाळणी लावा.

वेगाची चाळणी, एक उदाहरण घेऊन

समजा एका ओळीत सकाळी ६:१० ला क्लास २ ची जागा आहे आणि पुढच्या ओळीत ६:५२ ला क्लास बी ची. अक्षांशात फरक ०.२० अंश, रेखांशात ०.३० अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे २२.२ झाले. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावं तसा लहान होत जातो, २० अक्षांशावर साधारण १०४ किलोमीटर, म्हणजे ३१.२ झाले. आता पायथागोरस, दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, उत्तर ३८ किलोमीटर. वेळ ४२ मिनिटं. वेग ताशी ५४ निघतो, म्हणजे यवतमाळच्या एसटीचा वेग, हम्पबॅकचा असूच शकत नाही. प्रवासात ती ताशी चारपाच किलोमीटरनं जाते. सलग १२ ते १५ च्या वर वेग दिसला की मी ती जागा संशयित धरतो.

पण दोनातली चुकीची कुठली? त्यासाठी तिसरी, पुढची ओळ बघायची. पहिल्यावरून तिसऱ्यावर सरळ गेलं तर वेग ठीक येतोय आणि मधलीच टोक काढून बाहेर पडलीय, तर मधली काढा. क्लास बघणं यानंतर. नववी-दहावीच्या पोरांकडून हे हातानं वीसपंचवीस ओळींवर करून घ्याच, पायथागोरस कशाला शिकतो हे परत विचारणार नाहीत. पुढं मोठ्या फाइलला फॉर्म्युला लावा. कॉलेजवाल्यांनी आर (R) ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून स्टेट-स्पेस मॉडेलकडं जावं, ते प्रत्येक जागेची चूक धरून सगळ्यात शक्य असलेली वाट काढतं, आणि छापील पेपरात आता तेच चालतं.

नकाशावर घेणं

कॉम्प्युटर असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. डिलिमिटेड टेक्स्ट लेयर म्हणून फाइल आत घ्यायची, रेखांश एक्स मध्ये आणि अक्षांश वाय मध्ये (उलटं झालं की ठिपके भलत्याच खंडात जाऊन पडतात), अक्षांश-रेखांशाची पद्धत डब्ल्यूजीएस ८४. मग पॉइंट्स टू पाथ नं आयडीप्रमाणं रेघ ओढा. किनारपट्टीची फाइल नॅचरल अर्थ या वेबसाइटवरून एकदा उतरवून ठेवली की नेट नसतानाही काम चालतं. इतकं नको असेल तर गूगल माय मॅप्स आहे, एका लेयरमध्ये दोन हजार ओळींपर्यंत घेतं.

शाळेत मला कागदच जास्त आवडतो. मोठी कार्डशीट घ्या. आडवं ५५ ते ८० अंश रेखांश, उभं ५ ते २५ अंश अक्षांश, एक अंश म्हणजे दोन सेंटिमीटर, म्हणजे नकाशा ५० बाय ४० सेंटिमीटरचा होतो. ओमान, पाकिस्तान आणि आपला किनारा ॲटलास बघून पोरांनीच काढायचा. आपलं गाव उजवीकडं खुणेनं दाखवा, विदर्भाचा बराचसा भाग यात येतो. मग एकानं आकडे वाचायचे, दुसऱ्यानं ठिपका द्यायचा, तिसऱ्यानं तारीख लिहायची. लुबानसाठी छापील नकाशावरून दहाबारा जागा अंदाजे उतरवून घेतल्या तरी चालतील, बाजूला 'अंदाजे' असं स्पष्ट लिहायचं.

आणि रेघ तुटक ओढायची, हे मी फार आग्रहानं सांगतो. दोन ठिपक्यांच्या मधे व्हेल कुठं होती हे आपल्याला माहीत नसतं. बॅटरी वाचवायला टॅग काही ठरावीक तासच किंवा एकाआड एक दिवस चालू ठेवतात, शिवाय सॅटेलाइट ध्रुवांवरून जाणारे असल्यामुळं आपल्यासारख्या अक्षांशांवर ते तिकडच्यापेक्षा कमी वेळा येतात. त्यामुळं रेघेची लांबी मोजून जे अंतर येतं ते कमीत कमी अंतर असतं. २०११ मध्ये रशियाच्या साखालिनजवळ टॅग लावलेली वारवारा नावाची ग्रे व्हेल मेक्सिकोपर्यंत जाऊन परत आली, १७२ दिवसांत २२,५११ किलोमीटर. तो आकडाही ठिपक्यांवरूनच काढलेला, खरं पोहणं त्याहून जास्तच.

वाट वाचायची कशी

ठिपके लांबलांब आणि सरळ रेषेत असतील तर व्हेल प्रवासात आहे. एकाच भागात दाटी झाली, सारखं वळणं दिसलं तर ती तिथं थांबलीय. ती खातेय असं लगेच लिहू नका. विश्रांती असेल, जोडीदाराचा शोध असेल, पिल्लू सोबत असेल. 'या भागात रेंगाळली' इतकंच लिहा, आणि मग त्या भागात काय आहे ते तपासा. जेबको च्या नकाशावर समुद्राची खोली बघता येते, खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, संपून तळ एकदम खोल जातो ती कड बहुतेक वेळा महत्त्वाची निघते. नासाच्या वर्ल्डव्ह्यू वेबसाइटवर त्याच तारखेचं पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल (पाण्यात वनस्पती-प्लवक किती आहे याची खूण) बघता येतं. ढग असले तर क्लोरोफिल दिसत नाही, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढगच ढग असतात, तेव्हा आठ दिवसांची किंवा महिन्याची सरासरी घ्या.

जहाजांचे मार्गही बघा. कॅलिफोर्नियाच्या ब्लू व्हेलच्या टॅगवरूनच दिसलं की त्यांच्या दाटीच्या जागा लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच आहेत. जहाजाच्या धडकेनं व्हेल मरतात, त्यामुळं कुठल्या महिन्यात कुठं जहाजं हळू न्यायची हे ठरवायला असे नकाशे लागतात. अरबी समुद्र तर जहाजांनी आणि जाळ्यांनी गच्च भरलेला आहे.

ठिपके एक दिवस यायचे थांबतात. तेव्हा व्हेल मेली असं वाटून पोरं हिरमुसतात. त्यांना सांगा की बहुतेक वेळा बॅटरी संपते, अँटेना मोडते किंवा शरीर हळूहळू टॅग बाहेर ढकलून टाकतं. नंतर तीच व्हेल जिवंत आहे का हे फोटोवरून कळतं, हम्पबॅकच्या शेपटीखालचा काळा-पांढरा नक्षा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि हॅप्पीव्हेल या वेबसाइटवर जगभरातले लोक असे फोटो टाकतात. सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात गेलात आणि बोटीतून शेपटी दिसली तर फोटो, तारीख, वेळ, जागा जपून ठेवा आणि तिथं टाका. बोट तिच्या जवळ न्यायला मात्र सांगू नका.

परवानगी आणि नाव

विज्ञान प्रदर्शनात चार्ट लावणार असाल तर खाली डेटा कुणाचा, कुठल्या वेबसाइटवरून, कुठल्या तारखेला उतरवला हे लिहा. किती जागा मिळाल्या आणि चाळणीत किती काढल्या हेही लिहा, परीक्षक विचारोत न विचारोत. बंद असलेला डेटा हवा असेल तर मूव्हबँकवरूनच मालकाला विनंती जाते. त्यात शाळेचं नाव, इयत्ता, कुठल्या व्हेलचे कुठल्या महिन्यांचे ठिपके हवेत आणि त्यातून नेमका कुठला प्रश्न सोडवायचा आहे हे चारपाच ओळींत लिहा. 'आम्हाला सगळा डेटा द्या' असं लिहिलं तर उत्तर येणं कठीण. 'डिसेंबरमध्ये ती किनाऱ्यापासून किती लांब होती हे आठवीच्या वर्गाला मोजायचं आहे' असं लिहिलं तर शक्यता वाढते. इंग्रजी साधंच असू द्या. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर तोवर ब्लू व्हेलच्या फाइलमधली एकच व्हेल निवडून तिची वाट पूर्ण करून ठेवा.